रेडिओ साफ लागावा म्हणून

घरात हजारो रुपयांची म्युझिक सिस्टिम असते. पेन ड्राइव्ह लावला की खिडकीच्या काचा थरथरतात, ब्लूटूथवर मुलांची गाणी झकास वाजतात आणि एफएमचे बटण दाबले की तापल्या तेलात पाणी पडावे तशी चरचर सुरू होते. मग कोणीतरी म्हणते, "जाऊ द्या, रेडिओ आता ऐकतो कोण?" आणि ते बटण पुन्हा दाबले जात नाही. शिक्षक म्हटले की शाळेबाहेरही लोक विचारायला येतात, कुणाच्या मुलाच्या प्रवेशाच्या फॉर्मपासून कुणाच्या इन्व्हर्टरपर्यंत. "सिस्टिम एवढी भारी, मग रेडिओच का खरखरतो?" हा त्यातला नेहमीचा प्रश्न झाला आहे, म्हणून या वेळचा लेख त्यावरच.

रेडिओ कोण ऐकतो, याचे उत्तर आधी देऊ. आमच्या घरी अब्बा ऐकतात. काचबिंदूने त्यांची नजर बरीचशी गेली आहे. वर्तमानपत्र सुटले. टीव्ही म्हणजे त्यांच्यासाठी हलणारा उजेड. मोबाइलच्या काचेवर बोट नेमके कुठे टेकवायचे ते दिसत नाही, आणि दर वेळी नातवंडांना हाक मारणे त्यांच्या स्वभावात नाही. रेडिओचे बटण मात्र हाताला लागते. सकाळच्या बातम्या, दुपारी विविध भारतीची फर्माइशी गाणी, रात्री 'हवामहल' आणि 'छायागीत', असा त्यांचा दिवस लागलेला आहे. तुमच्याही घरात कोणी दादी, नानी, एखादे चाचा असे असतील. त्यांना रेडिओ साफ ऐकू येणे ही हौसेची बाब नाही. तो बंद पडला की ती व्यक्ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून गप्प बसते.

यात एक गोष्ट घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. उतारवयात कान आधी बारीक, चिरके आवाज सोडतात. 'स', 'श', 'फ', 'त' या अक्षरांची ओळख अशाच बारीक आवाजांवर असते. रेडिओतली खरखर नेमकी त्यांच्यावर येऊन बसते. म्हणून ज्येष्ठ माणूस आवाज वाढवतो. आवाज वाढवला की खरखरही तेवढीच वाढते. त्यांना शब्द कळत नाहीत, आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलांचे डोके उठते, आणि "जरा बारीक करा ना!" या एका वाक्यावरून घरात रोज कुरबूर होते. हा प्रश्न स्पीकरने सुटत नाही. साफ लहर सिस्टिमपर्यंत पोहोचली तरच सुटतो, आणि ती पोहोचवण्याचे काम करते तार. दुकानात गेलात की स्पीकरचे वॅट सांगतील, दिव्यांची रोषणाई दाखवतील. डब्याच्या तळाशी गुंडाळी करून ठेवलेल्या हातभर वायरीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. रेडिओपुरते बोलायचे तर त्या डब्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच आहे.

आता थोडे विज्ञान. आपले जुने ट्रान्झिस्टर बहुतेक मीडियम वेव्हवर लागायचे. ती लहर लांब असते, जमिनीला धरून डोंगराआडही जाते आणि तिची अँटेना सेटच्या पोटातच, काळ्या कांडीवर तांब्याची तार गुंडाळून बसवलेली असते. त्यामुळे कुठेही ठेवला तरी तो बोलायचा. पण तिच्यावर विजेचा प्रत्येक कडकडाट, प्रत्येक ठिणगी ऐकू यायची. अमेरिकेतल्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी यावर उपाय शोधला. लहरीचा जोर कमी-जास्त करण्याऐवजी तिची कंपनसंख्या कमी-जास्त करायची, म्हणजे जोरावर परिणाम करणारा बाहेरचा कडकडाट सेटला सहज गाळून टाकता येतो. १९३३ मध्ये त्यांना याची पेटंटे मिळाली. आपल्या देशात एफएम प्रसारणाची सुरुवात २३ जुलै १९७७ रोजी तेव्हाच्या मद्रासमध्ये झाली. एफएमवर बारीक आवाजही पूर्ण येतात, म्हणून सतारीची तार असो की निवेदिकेचा 'श', समोर बसल्यासारखा वाटतो.

पण या गुणाला एक अट आहे. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांबीची असते आणि ती जवळपास नजरेच्या रेषेत जाते. मनोरा आणि तुमची तार यांच्यामध्ये डोंगर आला की ती अडते. दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर उभारला तो याच कारणाने. टीव्हीच्या लहरींचीही हीच अट, आणि तो गड पुणे शहरापेक्षा साधारण साडेसातशे मीटर उंच आहे. समजा, मनोरा १०० मीटर उंच आहे आणि तुमची तार तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे ९ मीटरवर आहे. मध्ये सपाट जमीन असेल तर पृथ्वीच्या गोलाईमुळे पन्नासेक किलोमीटरपर्यंत चांगली आशा धरता येते. त्यापुढे लहर येते, पण लंगडत. तळमजल्यावर, चहूबाजूंनी इमारती असतील, तर वीस किलोमीटरवरचे केंद्रही लाजत येते.

खरखर अशक्त लहरीमुळे येते. सेटला पुरेशी लहर मिळाली तर तो बाहेरचा गोंगाट दाबून टाकतो, नाही मिळाली तर गोंगाट वर येतो. अधेमधे फार थोडे असते. म्हणून कधी कधी तार नुसती वीतभर सरकवली तरी जादू झाल्यासारखा आवाज साफ होतो.

पहिले काम फुकटचे आहे. सिस्टिमच्या मागे 'एफएम अँटेना' लिहिलेले छिद्र शोधा आणि त्यात काही लावले आहे का ते पाहा. पुष्कळ घरांत ती वायर डब्यातच राहिलेली असते, किंवा रबरबँडसकट गुंडाळून सिस्टिमच्या मागे कोंबलेली असते. ती पूर्ण ताणा. एकच सुटी वायर असेल तर भिंतीपासून थोडी दूर, उभी वर न्या. इंग्रजी टी अक्षरासारखी असेल तर तिचे दोन्ही हात आडवे पसरून टाचण्यांनी लावा. मग सिस्टिमची जागा बघा. लोखंडी कपाटाला टेकून ठेवलेली सिस्टिम रेडिओ कसा पकडणार? पत्र्याचे छप्पर, खिडकीची लोखंडी जाळी, स्लॅबमधल्या सळ्या हे सगळे लहरीला अडवतात. कोकणातली कौले अडवत नाहीत, फार तर भिजल्यावर थोडासा फरक पडतो. घरातली सर्वांत चांगली खिडकी शोधायची असेल तर एखादा खिशातला रेडिओ घ्या, किंवा ज्या मोबाइलमध्ये एफएम आहे तो इअरफोन लावून घ्या (मोबाइलमध्ये इअरफोनची वायरच अँटेनाचे काम करते), आणि हवे ते केंद्र लावून घरभर हळूहळू फिरा. जिथे आवाज एकदम निवळतो, ती जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. मुलांना हे काम दिलेत तर पाच मिनिटांत घराचा नकाशा तयार होतो.

एवढ्याने भागले नाही तर तार घरीच बनवावी. आम्ही वर्गात लहरींचा पाठ शिकवताना ही अँटेना मुलांकडून बनवून घेतो, आणि आठवीतल्या मुलीमुलांना ती पाऊण तासात जमते. गणित असे: ३०० ला केंद्राच्या मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. पुण्याची विविध भारती १०१ वर आहे, म्हणजे लांबी झाली २.९७ मीटर. आपल्याला तिच्या निम्मी तार हवी, १.४८ मीटर. तारेच्या टोकांपाशी होणाऱ्या परिणामामुळे साधारण पाच टक्के कमी घ्यायची, राहिली १.४१ मीटर. तिचे दोन सारखे हात, प्रत्येकी सत्तर-एकाहत्तर सेंटिमीटर. मुंबईकरांना १०७.१ चे रेनबो किंवा १००.७ चे गोल्ड हवे असेल तर दोन-चार सेंटिमीटरचा फरक पडेल, त्यासाठी वेगळी तार करायची गरज नाही. एकाहत्तरच्या दोन हातांवर सगळा एफएम पट्टा व्यवस्थित चालतो.

केबलवाला टीव्हीला जी गोल काळी किंवा पांढरी वायर वापरतो तीच चार-पाच मीटर घ्या. तिच्या मध्यभागी जाड तार असते आणि भोवती जाळी. मधली तार एका हाताला जोडायची, जाळी दुसऱ्या हाताला. दोघींचा एकमेकींना स्पर्श होता कामा नये, एवढे एकच पथ्य. हातांसाठी घरात वायरिंगला वापरतात ती साधी तांब्याची वायर चालते. या केबलची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते, तिला कथिल धरत नाही, म्हणून डाग द्यायच्या भानगडीत पडू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात स्क्रूचा छोटा प्लास्टिक कनेक्टर मिळतो, त्यात दोन्ही जोड कसून टाका आणि वर टेप गुंडाळा. दोन्ही हात एका सरळ रेषेत केसिंग पट्टीवर बसवा. केबलच्या दुसऱ्या टोकाला सिस्टिमच्या छिद्राप्रमाणे पिन लावायची. काही सेटना फिरवून बसवायची लागते, काहींना नुसती खुपसायची. दोन्ही प्रकार केबलवाल्याकडे असतात. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत-बाहेर. या अँटेनाचा आणि त्या केबलचा मेळ नैसर्गिकच जमतो. अँटेनाचा रोध ७३ ओहमच्या आसपास, केबलचा ७५. मध्ये कुठली डबी लावावी लागत नाही.

ही पट्टी खिडकीबाहेर छज्जाखाली लावता आली तर उत्तम, नाही तर खिडकीच्या चौकटीवर आतून. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारेला मात्र बांधू नका. आणि दिशा बघा. आडवी लावली तर ही अँटेना आपल्या दोन्ही कुशींकडून येणारी लहर चांगली पकडते, टोकांच्या बाजूने येणारी जवळजवळ पकडतच नाही. म्हणजे मनोऱ्याकडे तारेचे टोक रोखून धरायचे नाही, तार आडवी, तोंड मनोऱ्याकडे. मनोरा कुठे आहे हे माहीत नसले तरी अडत नाही. एकाने पट्टी धरून हळूहळू वळवायची, दुसऱ्याने कान द्यायचा. नंतर ती उभी करूनही बघा, कारण काही ठिकाणी उभी जास्त चांगली चालते. ज्यांना रेडिओ ऐकायचा आहे त्यांनाच कान द्यायला बसवावे. अब्बा "बस, तिथेच!" म्हणाले, ती जागा आमच्या कानांना विशेष वेगळी वाटली नव्हती, त्यांना वाटली, आणि खिळा तिथेच ठोकला गेला.

जुन्या गच्चीवर दूरदर्शनच्या काळातली ॲल्युमिनियमची फासळ्यांसारखी अँटेना अजून गंजत उभी असेल, तर ती जोडू का असे पुष्कळ जण विचारतात. तिच्या नळ्या टीव्हीच्या चॅनेलच्या मापाने कापलेल्या असतात, एफएमच्या नव्हे. उंचीमुळे कधी काम चालून जाते. पण तिच्याच काठीवर आपली एकाहत्तर सेंटिमीटरवाली पट्टी बसवलीत तर अधिक चांगले.

बूस्टरबद्दल स्पष्ट बोलायला हवे. बाजारात गेले की पहिला सल्ला बूस्टरचा मिळतो, कारण तार विकण्यात पैसा नाही. बूस्टर आलेली लहर मोठी करतो आणि तिच्यासोबत आलेला गोंगाटही तेवढाच मोठा करतो, वर स्वतःची थोडी भर घालतो. गच्चीवरून वीस-पंचवीस मीटर केबल खाली आणायची असेल, किंवा एकाच अँटेनावर दोन-तीन घरे जोडायची असतील, तर अँटेनाजवळच लावलेल्या बूस्टरचा उपयोग आहे. बाकी ठिकाणी नाही. आणि शहरात मनोऱ्याच्या जवळ राहणाऱ्यांकडे तो उलटा त्रास देतो. लहर इतकी जोरदार होते की सेट गुदमरतो, आणि एका केंद्रावर दुसरे केंद्र बोलू लागते. अशा घरात तार आखूड केली तर बरे वाटते!

सगळाच बिघाड खरखरीचा नसतो, म्हणून कान देऊन ओळखावे लागते. केंद्र जोरात येते, खरखर नाही, पण 'स' आणि 'श' फाटतात, गाण्यातली वरची पट्टी चिरकते, कोणी खोलीत चालले की आवाज बदलतो. असे असेल तर लहर एका वाटेने न येता दोन-तीन वाटांनी येत आहे, एक सरळ आणि बाकीच्या समोरच्या इमारतींवर किंवा डोंगरावर आपटून. मागून आलेली पुढच्या लहरीच्या पायात पाय घालते. इथे जोर वाढवून काही होत नाही, दिशाच बदलावी लागते. उंच इमारतींच्या दाटीत राहणाऱ्यांचा हा खरा रोग आहे, आणि त्याला खरखरीचे औषध देत बसतात.

तिसरा आवाज भुणभुण किंवा चिरचिर असा, एका सुरात चालणारा. हा पाहुणा घरातलाच असतो. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सेट टॉप बॉक्स, वायफायच्या डबीचा अडॅप्टर यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि त्याचा कचरा तारांतून बाहेर पडतो. रात्री दिवा लावला की रेडिओ बिघडतो आणि सकाळी बरा असतो, असे कोणी सांगितले तर बल्बकडे बघायचे. एकेक बटण बंद करत जा, चोर सापडतो. सापडला की बल्ब बदला, चार्जर दुसऱ्या भिंतीला लावा, आणि अँटेनाची केबल विजेच्या वायरींना समांतर नेऊ नका. अँटेना खिडकीबाहेर असली की निम्मा त्रास तसाही संपतो, कारण घरातल्या कचऱ्यापासून ती दूर जाते.

आता एका बटणाबद्दल, ज्याला लोक घाबरतात. सिस्टिमवर किंवा रिमोटवर 'स्टीरिओ/मोनो' असे बटण असते. स्टीरिओत केंद्र दोन गोष्टी पाठवते: डाव्या-उजव्या आवाजाची बेरीज, आणि त्यांची वजाबाकी. वजाबाकी वरच्या कंपनांवर बसवून पाठवतात आणि तिथेच गोंगाट जास्त असतो. अशक्त लहरीत स्टीरिओ लावून ठेवले तर ती सगळी खरखर ऐकावी लागते. मोनो केले की सेट वजाबाकी सोडून देतो आणि बेरीज ठेवतो. खरखर झटकन खाली बसते. "पण मग गाण्याची मजा जाते ना?" पन्नास-साठच्या दशकांतली बहुतेक चित्रपटगीते मुळात मोनोच ध्वनिमुद्रित झालेली आहेत, बातम्याही एकाच माणसाच्या तोंडून येतात. जाण्यासारखे तिथे फारसे नाहीच. दूरच्या केंद्रासाठी मोनो बिनधास्त वापरा.

त्याच वेळी स्पीकरही थोडे समजून लावावेत. नव्या सिस्टिममध्ये धम-धम करणारा वूफर असतो, तो बोलण्यावर चादर टाकतो. बातम्या ऐकताना बास कमी करा, ट्रेबल थोडा वाढवा. एक स्पीकर ज्येष्ठांच्या खुर्चीजवळ, कानाच्या उंचीवर आणा. दूर शोकेसवर ठेवून आवाज वाढवण्यापेक्षा जवळ आणून आवाज कमी ठेवणे सगळ्यांच्याच सोयीचे. श्रवणयंत्र असेल तर तेही बंद ठेवून नव्हे, लावूनच हा सगळा प्रयोग करा.

आपल्या वाचकांच्या घरांत परदेशातून आलेल्या सिस्टिम पुष्कळ. कुणाचा मुलगा कुवेतला, कुणाचे मेहुणे इंग्लंडला. आखाती देशांतले सेट इथे सहसा जसेच्या तसे चालतात. अमेरिकेसाठी बनवलेल्या सेटमध्ये मात्र एक खोच असते. तिकडची केंद्रे ९९.१, ९९.३, ९९.५ अशा विषम दशांशांवरच असतात आणि सेटही तेवढ्याच पायऱ्या चढतो. त्याच्यावर १०७.१ लागेल, पण पुण्याचे १०१ किंवा मुंबईच्या विविध भारतीचे ९६.८ नेमके लागणारच नाही. शेजारच्या पायरीवर फाटका आवाज येईल आणि दोष अँटेनाला दिला जाईल. काही सेटना मागे किंवा मेनूत पायरी बदलायची सोय असते, ती माहितीपुस्तिकेत शोधा. जपानी जुन्या बाजारातले सेट तर ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन बहुधा ९० लाच थांबतात. आपली बरीच केंद्रे त्यापुढे. शिवाय या दोन्ही देशांचे सेट शंभर-सव्वाशे व्होल्टचे असू शकतात, ते सरळ आपल्या प्लगमध्ये घालू नयेत. इंग्लंडहून आलेल्यावर 'डीएबी' लिहिलेले असते. त्या प्रकारचे केंद्र इथे सापडणार नाही, त्याचा एफएमचा भाग तेवढा वापरायचा.

हे सगळे करूनही काही घरांत एफएम लागणार नाही. सह्याद्रीच्या पोटात, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या गावात मनोऱ्याची सावली पडलेली असते. तिथे तारेवर पैसे घालवू नयेत. दूरदर्शनच्या फ्री डिशवर आकाशवाणीच्या अनेक वाहिन्या येतात, विविध भारती आणि दिल्लीची उर्दू सर्व्हिससुद्धा. उर्दू सर्व्हिस महाराष्ट्रात एफएमवर शोधत बसणाऱ्यांसाठीही हाच रस्ता. डिशच्या डबीतून लाल-पांढरी वायर सिस्टिमच्या 'ऑक्स'मध्ये लावा, एकदा टीव्ही लावून वाहिनी निवडा आणि टीव्ही बंद करा. आवाज चालू राहतो, खरखरीचे नावच नाही. मोबाइलमधले आकाशवाणीचे ॲप ब्लूटूथवर लावणे हा तिसरा मार्ग. पण डेटा संपला की आवाज गेला, आणि अंध माणसाला तो स्वतः लावता येत नाही. आणखी एक: ॲपवर येणारे प्रसारण मूळ वेळेच्या काही सेकंद, कधी अर्धा-एक मिनिट मागे असते. घड्याळ लावायला रेडिओचे ठोके ऐकायची सवय असेल तर ॲपवरच्या ठोक्यांवर विसंबू नका. इफ्तारीला अर्धा मिनिट उशीर झाला तर चालेल, सहरीच्या शेवटच्या घोटाला चालायचा नाही.

बाहेर तार लावणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. विजेच्या तारांपासून ती इतकी दूर असावी की निसटून पडली तरी त्यांना लागणार नाही. आणि वळवाच्या पावसात, गडगडाट दुरून ऐकू येऊ लागला की केबल सिस्टिममधून काढून खिडकीबाहेर टाकावी. डोक्यावर आल्यावर काढायला जाऊ नये.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कित्येक गावांची वीज दिवसेंदिवस गेली आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडले. अशा वेळी म्युझिक सिस्टिम म्हणजे शोभेचा खोका. सेलवर चालणारा, मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला छोटा रेडिओ घरात असू द्या. सेल त्याच्यात घालून ठेवू नका, गळतात आणि पत्त्या खातात. शेजारी पाकिटात ठेवा, आणि पावसाळ्याच्या आधी एकदा लावून बघा.

तार जागेवर बसली, आवाज निवळला, की केंद्रे सिस्टिमच्या स्मरणात भरून टाका. एक नंबरवर विविध भारती, दोनवर स्थानिक आकाशवाणी, तीनवर मुलांचे खासगी एफएम. ज्यांची नजर कमी आहे त्यांच्यासाठी चालू-बंदच्या बटणावर आणि एक नंबरवर एम-सीलचा मुगाच्या डाळीएवढा ठिपका लावा. वाळला की बोटाला लागतो. रिमोट नको, तो हमखास गादीखाली सापडतो. काही सिस्टिम लाइट बराच वेळ गेली की भरलेली केंद्रे विसरतात, तेव्हा नंबर आणि मेगाहर्ट्झ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागच्या बाजूला चिकटवून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणालाही पुन्हा भरता येतील.